कोल्हापुरातून प्रायव्हेट जेटच्या केबिन क्रूपर्यंत: सुरुवात कुठून करायची आणि कुठे फसायचं नाही

उजळाईवाडीच्या विमानतळावर नेहमीच्या फ्लाइट सोडून अधूनमधून छोटी जेट विमानंही उतरतात. कुणी अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं असतं, कुणी लग्नाला, कुणी एमआयडीसीतला कारखाना बघायला. पाहुणे गाड्यांत बसून निघून गेले की विमानातून एक मुलगी उतरते आणि ग्राउंड स्टाफला विचारते, "दादा, बर्फ कुठे मिळेल? आणि कप धुवायला पाणी?" ही त्या विमानाची केबिन क्रू. ही नोकरी मिळते कशी, हे मला ओळखीतल्या मुली, त्यांच्या आया आणि हल्ली मुलगेही विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. मी आधी एअरलाइनमध्ये होते, नंतर मुंबईच्या एका चार्टर कंपनीत.

या क्षेत्रात जागा थोड्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जागांची जाहिरात निघतच नाही. एखाद्या कॅप्टनने किंवा आधीच्या क्रूने "ही चांगली आहे, सांभाळेल" असं म्हटलं की पुढचं दार उघडतं. म्हणून खालच्या पायऱ्या फक्त अर्ज कसा करायचा यापुरत्या नाहीत. तुमच्याबद्दल कुणी असं म्हणावं यासाठी काय करायचं, हेही त्यात आहे.

१. कोणत्या विमानात क्रू लागतो ते समजून घ्या

प्रत्येक प्रायव्हेट जेटमध्ये केबिन क्रू नसतो. किंग एअरसारखी पंख्याची विमानं, फिनॉम १०० किंवा सायटेशन सीजे२ सारखी छोटी जेट यांत साधारणपणे दोन पायलट आणि पाहुणे, बस्स. पाण्याच्या बाटल्या आणि सँडविचचा डबा पायलटच दाखवून देतात. हॉकर ८००एक्सपीपासून पुढे एक क्रू दिसायला लागतो. फाल्कन २०००, चॅलेंजर, लेगसी, गल्फस्ट्रीम, ग्लोबल ही तुमची खरी विमानं. अर्ज करण्याआधी त्या कंपनीकडे यातलं काय आहे ते बघा. हेलिकॉप्टरच्या कंपनीला केबिन क्रूचा सीव्ही पाठवणारे लोक मी पाहिलेत.

कामाचे दोन प्रकार. पहिला, चार्टर कंपनी: तिच्याकडे डीजीसीएचा (केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय विमानं चालवण्याचा, परवाना असतो आणि विमान भाड्याने जातं. आज उद्योगपती, उद्या वऱ्हाड, परवा राजकीय दौरा. दुसरा, एखाद्या उद्योगसमूहाचं किंवा कुटुंबाचं स्वतःचं विमान. तिथे तीच माणसं वर्षानुवर्षे असतात. आजोबांना चहात साखर किती, धाकट्या सुनेला कशाची अॅलर्जी, हे सगळं तुम्हाला पाठ लागतं. नवख्यांना चार्टरमध्ये शिरणं त्यातल्या त्यात सोपं. मालकाच्या विमानावर अनोळखी माणूस सहसा घेत नाहीत.

दोन्हीकडे तुम्ही केबिनमध्ये एकट्या असता. सिनिअर नाही, सुपरवायझर नाही. सेफ्टी ब्रीफिंग, जेवण, बाळाची दुधाची बाटली, उतरल्यावर व्हॅक्युम, टॉयलेट स्वच्छ आहे का ते बघणं, क्रोकरी मोजून ठेवणं, सगळं तुमच्याच अंगावर. ज्यांना हे "कमीपणाचं" वाटतं त्यांनी एअरलाइनमध्येच राहावं. तिथे सफाईला वेगळी माणसं असतात.

२. स्वतःची पात्रता तपासा

वय १८ पूर्ण, बारावी पास आणि मेडिकलमध्ये फिट, हा पाया. कान, सायनस, डोळे, वजन यांची तपासणी होते.

उंचीबद्दल घरोघरी फार चर्चा चालते. एअरलाइनमध्ये किमान उंची बघतात, कारण वरच्या कप्प्यापर्यंत हात पोहोचावा लागतो. इथे उलटी अडचण होऊ शकते. हॉकर ८००च्या केबिनची उंची जेमतेम ५ फूट ९ इंच आहे. तुम्ही ५ फूट ८ इंच असाल आणि केस वर बांधले असतील, तर गरम सूप हातात घेऊन वाकून चालायची सवय करा.

पोहता येत नसेल तर आजच सुरुवात करा. पाण्यात उतरण्याचं ड्रिल ट्रेनिंगमध्ये असतं आणि तिथे लाइफ जॅकेट घालून तराफ्यावर चढावं लागतं. कोल्हापूरकरांना याची सबब नाही. अंबाई टँक गावातच आहे.

इंग्रजी अस्खलित हवं, पण "कॉन्व्हेंटचं" हवं असं नाही. माझ्या बोलण्यात कोल्हापूर अजूनही डोकावतं. ऐकणाऱ्याला पहिल्या वेळेला कळलं पाहिजे आणि "सर, दहा मिनिटांत आपण उतरतोय, हे टेबल बंद करू का?" असं वाक्य न अडखळता आलं पाहिजे. हिंदी स्वच्छ हवी. गुजराती येत असेल तर सीव्हीत ठळक लिहा, मुंबईत तिचा खरोखर उपयोग होतो.

३. थेट जेटवर जाऊ नका, आधी अनुभव घ्या

पायलटसारखं केबिन क्रूला डीजीसीएचं लायसन्स नसतं. ट्रेनिंग ज्या-त्या ऑपरेटरच्या मंजूर कार्यक्रमाखाली होतं: सेफ्टी अँड इमर्जन्सी प्रोसीजर्स, म्हणजे एसईपी, आग आणि धुराचं ड्रिल, दरवाजे, प्रथमोपचार, डेंजरस गुड्स, एव्हिएशन सिक्युरिटी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एखाद्या अॅकॅडमीने दिलेलं "एअर होस्टेस डिप्लोमा" हे प्रमाणपत्र हातात घेऊन तुम्ही कुठल्याच विमानात ड्युटी करू शकत नाही. अॅकॅडमीत बोलणं, वावरणं, मेकअप शिकवतात. ते वाईट नाही, पण त्यासाठी वडिलांच्या फंडातून लाखांनी पैसे काढू नका.

माझ्या मते दोन रस्ते चालतात.

पहिला, एअरलाइन. दीड-दोन वर्षं नोकरी केलीत की एसईपी, इमर्जन्सीची सवय, रोस्टरची शिस्त सगळं अंगात भिनतं. छोट्या विमानांच्या एअरलाइनचा अनुभव इथे विशेष कामाला येतो. आपल्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून एम्ब्रेअर ईआरजे-१४५ चालवते. ५० सीटचं विमान. इतक्या सीटना नियमाने एक क्रूसुद्धा पुरतो. लेगसी ६०० हे बिझनेस जेट एम्ब्रेअरच्या याच कुटुंबातलं, ईआरजे-१३५ वरून बनवलेलं. म्हणजे कॉकपिट, दरवाजा, गॅली (विमानातलं छोटं स्वयंपाकघर) यांचा अंदाज आधीच आलेला असतो. भरती निघाली की कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघायची, कुणा एजंटकडून नाही.

दुसरा रस्ता, पंचतारांकित हॉटेल. हॉटेल मॅनेजमेंट करून बँक्वेटपेक्षा रेस्टॉरंटच्या फ्लोअरवर किंवा बटलर सर्व्हिसमध्ये काम केलेल्या मुलामुलींना चार्टर कंपन्या आनंदाने बघतात. सेफ्टी शिकवता येते, पाहुण्याशी कसं वागायचं हे शिकवायला वेळ लागतो, असं त्यांचं गणित असतं. मुलग्यांना हा रस्ता जास्त जवळचा.

४. कागदपत्रं आधीच गोळा करा

फोन आला की "उद्या सगळं स्कॅन करून पाठवा" म्हणतात. तेव्हा धावाधाव नको.

- पासपोर्ट. पुण्याला जायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे.
- दहावी, बारावी, पदवी किंवा डिप्लोमाची मूळ प्रमाणपत्रं
- आधार, पॅन
- पोलीस व्हेरिफिकेशन. विमानतळाचा एंट्री पास बीसीएएस, म्हणजे केंद्राचा नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, देतं आणि त्याआधी पार्श्वभूमी तपासली जाते.
- आधीच्या कंपनीचं अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, ट्रेनिंगच्या नोंदी
- असतील ते व्हिसा. अमेरिकेचा किंवा शेंगेन व्हिसा आधीच असेल तर ती मोठी जमेची बाजू.
- पांढऱ्या बॅकग्राउंडवरचे फोटो, भरपूर

आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, बँकेत "पाटील"चं स्पेलिंग वेगळं. लग्न झालं असेल तर आणखी एक आडनाव. एंट्री पासच्या वेळी यातलं एकही अक्षर इकडचं तिकडे चालत नाही. गॅझेट (राजपत्रात नावबदल) करायचं असेल तर नोकरी शोधायच्या आधी करा.

५. गॅली शिका

बहुतेक मुली सीव्ही, ड्रेस, फोटो यांत महिना घालवतात आणि गॅलीकडे बघतही नाहीत. इंटरव्ह्यूत निवड तिथेच होते.

बिझनेस जेटची गॅली म्हणजे एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी जागा. एक छोटा ओव्हन, कधी मायक्रोवेव्ह, कॉफी मशीन, बर्फाचा खण, थोडे ड्रॉवर. ट्रॉली नसते, फॉइलचे डबे पुढ्यात ठेवायचे नसतात. जेवण हॉटेलमधून किंवा फ्लाइट किचनमधून येतं आणि तुम्ही ते चिनी मातीच्या ताटात मांडून वाढता. ऑर्डर तुम्हीच द्यायची, बिल तपासायचं, तापमान बघायचं, उरलेलं फेकायचं.

उदाहरण देते. कोल्हापूरहून परत जाणाऱ्या पाहुण्यांना हमखास आठवण होते, "पांढरा रस्सा घेऊन जाऊया." तुम्ही गावातल्या हॉटेलातून तो डब्यात आणता. वर गेल्यावर ओव्हन नेहमीसारखा मोठ्या आचेवर ठेवलात, तर नारळाचं दूध फाटतं, वर तेल आणि खाली चोथा. तो कमी तापमानावर, झाकून, मधून हलवत गरम करायचा आणि उकळी येऊ द्यायची नाही. वाढताना पेल्यात अर्धाच भरायचा, कारण विमान कधी हलेल सांगता येत नाही. तांबडा रस्सा क्रीम रंगाच्या लेदर सीटवर सांडला तर काय होतं ते विचारू नका. मी तो टेबलावर वाढताना खाली गडद रंगाचा नॅपकिन घालायचे आणि सोडा वॉटर हाताशी ठेवायचे. सुकट, बोंबील यांना मात्र प्रेमाने नाही म्हणा. एवढ्याशा बंद केबिनमध्ये तो वास पुढच्या फ्लाइटच्या पाहुण्यांनाही कळतो.

घरी काय सराव करता येईल? कोरड्या हवेत आणि आवाजात जिभेला चव कमी लागते, म्हणून कोणते पदार्थ वर चांगले लागतात ते शोधा. जैन जेवणाचे नियम नीट शिका: कांदा-लसूण नाही एवढंच नाही, जमिनीखालचं काहीच नाही, आणि अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. एका हातात तीन प्लेट धरायला शिका. वाइनची प्राथमिक माहिती घ्या. स्वतः प्यायलीच पाहिजे असं नाही. चहा चांगला करता येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे, हे माझं प्रामाणिक मत.

६. सीव्ही आणि तो कुठे पाठवायचा

एक पान. वर साधा फोटो, खाली अनुभव, विमानांचे प्रकार, भाषा, पोहणं, पासपोर्टची मुदत, व्हिसा. आणि एक ओळ आवर्जून लिहा: तुम्ही कुठे राहता आणि विमानतळावर किती वेळात पोहोचता. चार्टरचा फोन रात्री अकराला येतो आणि विमान सकाळी सहाला निघतं. कोल्हापुरात राहून स्टँडबाय, म्हणजे फोन आला की लगेच निघायच्या तयारीत राहणं, होत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस चांगली आहे, पण ती तुमच्यासाठी थांबत नाही. मुंबईतली प्रायव्हेट विमानं कालिन्याच्या जनरल एव्हिएशन टर्मिनलवरून जातात, म्हणून क्रूच्या मुली वाकोला, सांताक्रूझ पूर्व, मरोळ अशा भागांत पेइंग गेस्ट राहतात. दिल्लीतही अशीच व्यवस्था आहे. तिथे २०२० मध्ये स्वतंत्र टर्मिनल झालं.

कंपन्यांची नावं शोधायला एजंट लागत नाही. नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटरांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. ती काढा, मोठी जेट असलेल्या कंपन्यांवर खूण करा, त्यांच्या वेबसाइटवरून एचआर किंवा इनफ्लाइट विभागाचा ईमेल शोधा. लिंक्डइनवर त्या कंपन्यांचे क्रू सापडतात. त्यांना "जॉब द्या ना" असं लिहू नका, एखादा नेमका प्रश्न विचारा. हैदराबादला बेगमपेटमध्ये दर दोन वर्षांनी विंग्ज इंडिया हे प्रदर्शन भरतं. तिथे ही विमानं आतून बघायची संधी मिळू शकते आणि माणसंही भेटतात.

सीव्ही पाठवण्याआधी स्वतःचं इन्स्टाग्राम तपासा. आधीच्या नोकरीतल्या पाहुण्यांसोबतचे सेल्फी, विमानाचा नंबर दिसणारे फोटो, "गेस कोण आलंय फ्लाइटमध्ये" अशा स्टोऱ्या सगळ्या काढा. विमानात ऐकलेलं बोलणं बाहेर जात नाही, यावर हा धंदा चालतो.

७. इंटरव्ह्यू आणि ट्रायल

गोड हसणं, रॅम्पवॉक वगैरे इथे चालत नाही. प्रश्न असे येतात:

"पाहुण्याचा फोन सीटच्या फटीत पडला. काय कराल?" सीट हलवायची नाही, हे पहिलं उत्तर. यंत्रणेत फोन चिरडला तर लिथियम बॅटरी पेट घेते. पाहुण्यांना उठवायचं, कॅप्टनला सांगायचं.

"पॉवर बँकेतून धूर येतोय." कॅप्टनला कळवून आग विझवायची, मग पाणी ओतून थंड करत राहायचं. बर्फ ठेवायचा नाही, त्याने उष्णता आत कोंडते.

"कॅटरिंग आलं नाही आणि पाहुणे दहा मिनिटांवर आहेत." इथे एकच बरोबर उत्तर नसतं, तुमचं डोकं चालतं का ते बघतात. गॅलीत कायम काय साठा ठेवाल ते सांगा.

"पाहुण्यांमधल्या एकाने तुमचा नंबर मागितला." शांतपणे, हसून, कंपनीचा नंबर द्यायचा. उत्तर देताना घाबरू नका आणि भाषणही देऊ नका.

पुढे कधी कधी ट्रायल फ्लाइट असते, किंवा हँगरमध्ये (विमान ठेवायच्या शेडमध्ये) उभ्या विमानात टेबल लावायला, कॉफी द्यायला सांगतात. कॅप्टन काय म्हणतो याला फार वजन असतं. म्हणून पायलटांना पाणी-चहा विचारायला विसरू नका.

८. फसवणूक ओळखा

नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. "युनिफॉर्म डिपॉझिट", "मेडिकल फी", "रिफंडेबल सिक्युरिटी", नाव काहीही असो. एअरलाइनच्या नावाचं लेटरहेड, जीमेलचा पत्ता आणि यूपीआयचा क्यूआर कोड एकत्र दिसला की तो माणूस चोर आहे.

"शंभर टक्के प्लेसमेंट"चा अर्थ अॅकॅडमीला लेखी विचारा. बऱ्याचदा मॉलमधल्या दुकानातली नोकरीसुद्धा प्लेसमेंटमध्ये धरलेली असते.

आता जरा अवघड विषय. "व्हीआयपी होस्टेस", "सोबत प्रवास", "दिवसाला मोठी रक्कम, अनुभव नको" अशा जाहिराती येतात. शरीराची मापं, पूर्ण उंचीचे ठराविक कपड्यांतले फोटो मागतात, इंटरव्ह्यू हॉटेलच्या खोलीत ठेवतात. ही केबिन क्रूची नोकरी नाही. खरी कंपनी ऑफिसमध्ये किंवा हँगरमध्ये बोलावते, ऑपरेटर परवाना सांगायला लाजत नाही आणि तुम्ही आई-वडिलांना सोबत आणलंत तर त्यांनाही चहा देते. काही खटकलं तर परत या, नोकरी गेली तरी चालेल. आणि हे घरी मोकळेपणाने सांगता यावं, एवढी काळजी आई-वडिलांनीही घ्यावी.

आखाती देशांत जायचं असेल तर रिक्रूटिंग एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. व्हिजिट व्हिसावर "आधी या, मग कामाला लावतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. परदेशात दिवसाच्या दराने काम करणारे फ्रीलान्स क्रू बरेच असतात, पण तो रस्ता अनुभव झाल्यावरचा.

९. सही करण्याआधी

ऑफर लेटरमध्ये हे शोधा आणि नसेल तर विचारा: मूळ पगार किती, उड्डाणाच्या तासांचा भत्ता वेगळा आहे का, बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता किती, हॉटेलची खोली एकटीची की वाटून, महिन्यात ठरलेल्या सुट्ट्या किती, विमा कोणता, ट्रेनिंगचा खर्च कंपनी करत असेल तर बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती काळाचा. नोकरी सोडल्यास भरायची रक्कम आकड्यात लिहिलेली असली पाहिजे. गोपनीयतेच्या करारावर सही करावीच लागते, ती करा, पण वाचून.

विमान एकच असेल तर ते मेंटेनन्सला गेल्यावर महिनाभर उड्डाण नसतं आणि भत्ताही नसतो. घरभाडं मूळ पगारातून निघतंय ना, एवढा हिशोब घरी बसून करा.

पहिल्या ड्युटीच्या बॅगेत काय असावं तेही सांगून ठेवते: कात्री चालत नाही म्हणून आधीच कापून ठेवलेली टेप, डागांसाठी वाइप्स, सुईदोरा, जादा स्टॉकिंग्ज, पेन, छोटी डायरी, सपाट काळे बूट, सुका खाऊ. ड्युटीच्या आधी १२ तास दारूचा थेंबही चालत नाही आणि ब्रेथ अॅनालायझर होतो. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा नियमाने बंद आहे. सकाळी घाईत घरातली बाटली उचलू नका, साध्या पेस्टने दात घासून निघा.